आधी ऐका, मग विचारा

(गुरुग्राम येथील मराठी मंडळाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



तुम्ही सभागृहात येत होता तेव्हा इथं एक संगीत वाजत होतं. कुणी जागा धरत होतं, कुणी पार्किंग मिळालं का म्हणून फोन करत होतं, मागं चहाचे कप वाजत होते. आणि त्या सगळ्यातून पंधरा मिनिटं पंचवीसेक वाद्यं आपलं काम करत होती. ते संगीत कोणाचं होतं? आत्ता सांगत नाही. व्याख्यानाच्या मध्यावर सांगेन. तोवर एवढंच लक्षात असू द्या की तुम्ही ते ऐकलं आहे.

असं करण्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते काका. इथल्या जुन्या मंडळींना त्यांच्या घरची रविवार सकाळ आठवत असेल. तेव्हा या गावाला सगळे गुडगावच म्हणत. काकूंचे पोहे, खिडकीतलं ऊन, आणि कोपऱ्यातला तो रेकॉर्ड प्लेअर. एका रविवारी ख्याल, दुसऱ्या रविवारी व्हिएन्ना. काका तबकडी लावायचे आणि तिचं कव्हर उशीखाली सरकवायचे. कुणी विचारलं, "काका, कोण गातंय?" की उत्तर ठरलेलं: "आधी ऐका, मग विचारा." फार आवडलं तर ते दोनच शब्द बोलायचे: "पुन्हा लाव." त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मी कधी ऐकली नाही.

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. तीस वर्षं कानाला हेडफोन आहेत. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो त्या उशीपाशीच मला सापडला: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या, आज फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या सिंफन्या, आणि चेंबर ऑर्केस्ट्रानं, म्हणजे पंचवीस-तीस वादकांच्या लहान वृंदानं, त्या ध्वनिमुद्रित करण्याचं काम. गुरुग्राममधल्या मराठी माणसांना याचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. चार टप्प्यांत बोलते: हा पसारा केवढा, नावाची जादू कशी चालते, ध्वनिमुद्रण कसं होतं, आणि यात आपलं काय.

पहिला मुद्दा: पसारा

यान लारू नावाच्या अमेरिकन संगीत-अभ्यासकानं आयुष्यभर एक काम केलं. अठराव्या शतकातल्या, सापडेल त्या प्रत्येक सिंफनीचा मुखडा, म्हणजे पहिल्या काही मात्रांचे स्वर, त्यानं नोंदवून ठेवला. ध्रुपदाच्या ओळीवरून आपण अभंग हुडकतो, तशीच ही सोय. १९८८ मध्ये ती सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात किती सिंफन्या होत्या? सोळा हजारांहून अधिक!

आता मनातल्या मनात मोजा. आपल्याला माहीत किती? मोझार्टची चाळिसावी, हायडनच्या दोन-चार. फार तर वीस. सोळा हजारांतल्या वीस.

एवढ्या सिंफन्या लिहिल्या तरी का गेल्या? कारण तेव्हा सिंफनी ही रोजच्या गरजेची वस्तू होती. संगीतसभा उघडायला सिंफनी, नाटकाचा पडदा वर जाण्याआधी सिंफनी, कॅथलिक मठांत तर प्रार्थनेच्या वेळीही सिंफनी. आपल्याकडे नांदीशिवाय नाटक सुरू होत नसे, तसंच ते होतं. प्रत्येक लहानमोठ्या सरदाराला आपल्या पदरी वादक हवेत, आणि वादक आले की दर आठवड्याला नवं संगीत हवं. लेखनिक हातानं प्रती करत आणि त्या प्रती व्हिएन्नाहून प्राग, पॅरिस, लंडनकडे जात.

या काळाचं एक चित्र मला फार प्रिय आहे. साल १७८४, व्हिएन्नातलं एक घर. मायकेल केली नावाच्या आयरिश गायकानं पुढं आपल्या आठवणींत ती संध्याकाळ लिहून ठेवली. चौघे जण चौकडी वाजवायला बसले. पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडॉर्फ, व्हायोला मोझार्ट, चेलो वानहाल. श्रोते मोजके. चौघेही त्या वेळी नावाजलेले रचनाकार. त्या खोलीत कुणाला विचारलं असतं की दोनशे वर्षांनी यातले कोणते दोघे उरतील, तर त्याला खात्रीनं सांगता आलं असतं का?

ते विसरले गेलेले दोघे कोण होते, थोडं पाहू. डिटर्सडॉर्फनं शंभराहून अधिक सिंफन्या लिहिल्या. रोमन कवी ओव्हिडच्या रूपांतरकथांवर त्यानं बारा सिंफन्यांची माळ रचली. त्यातल्या सहा मूळ वाद्यवृंदाच्या रूपात टिकल्या. एका सिंफनीत देवीला पाणी न देणारे शेतकरी बेडूक होतात, आणि ते सगळं नुसत्या वाद्यांत. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तसं त्यानं शब्दांशिवाय आख्यान लावलं.

आणि वानहाल. १७३९ मध्ये बोहेमियात एका वेठबिगार शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याच्यावर जमीनदाराची मालकी होती. संगीताच्या कमाईतून त्यानं स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं आणि नंतर कुणाच्याही पदरी कायमची चाकरी न करता व्हिएन्नात शिकवून, लिहून जगला. सत्तरहून अधिक सिंफन्या त्याच्या नावावर आहेत. श्रोतेहो, आपण ज्या गावात बसलो आहोत ते द्रोणाचार्यांचं मानलं जातं. त्याच गुरुग्रामच्या खांडसा भागात एकलव्याचंही मंदिर आहे. मेट्रो स्टेशनांची, चौकांची नावं वाचत मी रोज जाते तेव्हा मला वाटतं, गुरूचं नाव गावाला मिळालं, अर्जुनाचं नाव ग्रंथात गाजलं, आणि ज्यानं एकट्यानं विद्या मिळवली त्याच्याकडे जायला वाट विचारत जावं लागतं. वानहालकडे जायलाही अशीच वाट विचारावी लागते.

कुणी म्हणेल, "दुय्यम असतील, म्हणून मागं पडले." हा आक्षेप रास्त आहे. सोळा हजारांतल्या पुष्कळ सिंफन्या सामान्यच आहेत. मी त्यांची वकिली करायला उभी नाही. पण एक उदाहरण पाहा. टायटन घड्याळांच्या जाहिरातीची धून तुम्हा सर्वांच्या कानात आहे. ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीची. १७७३ मधली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आणि 'छाया' या १९६१ च्या चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लताबाईंकडून जे गाऊन घेतलं ते त्याच्या चाळिसाव्या सिंफनीवरून. दोन्ही जी मायनर. मायनर म्हणजे ढोबळपणे कोमल गंधाराचं सप्तक. मोझार्टच्या खात्रीच्या सिंफन्यांत मायनरमधल्या या दोनच, आणि दोन्ही भारतात घरोघरी पोचल्या.

पण मोझार्टच्या त्या सतराव्या वर्षाआधी काय होतं? हायडनची एकोणचाळिसावी, जी मायनर. योहान क्रिस्टियन बाखची एक, जी मायनर. वानहालचीही जी मायनर. तीच घालमेल, तेच तुटक आघात, तेच अचानक थांबणं. आणि हॉर्न! त्या काळच्या हॉर्नला कळा नव्हत्या. एका नळीतून ठरावीकच स्वर निघत. जीच्या हॉर्नमध्ये कोमल गंधार नीट मिळत नसे. म्हणून हायडननं दोन हॉर्न जीचे घेतले आणि दोन बी फ्लॅटचे, म्हणजे नेमके त्या कोमल गंधाराचे. मोझार्टनंही पंचविसाव्यात तेच केलं: चार हॉर्न, दोन आणि दोन. जाहिरातीतली ती धून ऐकताना यापुढं तुम्हाला तिचे वडीलधारे आठवतील. ते कानावर आल्याशिवाय मोझार्टनं काय घेतलं आणि काय स्वतःचं घातलं, हे कसं कळणार?

दुसरा मुद्दा: नाव

आता तुमच्या कानावर पडलेल्या संगीताकडे येऊ.

मोझार्टच्या सिंफन्यांना क्रमांक आहेत. छत्तिसावी आहे, अडतिसावी आहे. सदतिसावी कुठं गेली? ती होती. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या त्याच्या समग्र संगीतात ती दिमाखात होती. लोक ती मोझार्टची म्हणून वाजवत, ऐकत, वाखाणत. १९०७ मध्ये लोथार पेर्गर या अभ्यासकानं दाखवून दिलं की ही सिंफनी मिखाएल हायडनची आहे. मिखाएल हा योसेफ हायडनचा धाकटा भाऊ; साल्झबर्गला नोकरीत होता, मोझार्ट घराण्याच्या ओळखीतला. १७८३ मधल्या त्याच्या त्या सिंफनीला मोझार्टनं फक्त सुरुवातीची संथ प्रस्तावना लिहून जोडली होती. त्याच्या अक्षरातलं ते पान पाहून पुढच्या लोकांनी सगळीच त्याच्या नावावर मांडली.

मग काय झालं? एक स्वर बदलला नाही, एक मात्रा हलली नाही. नाव तेवढं बदललं, आणि सिंफनी कार्यक्रमांतून गळाली.

श्रोतेहो, तुम्ही आत येताना वाजत होती ती हीच सिंफनी. आता सांगा, ती मोझार्टची आहे असं मी आधीच जाहीर केलं असतं तर फोन थोडे लवकर बंद झाले असते की नाही? हा दोष मी तुम्हाला देत नाही. मीही तशीच आहे. आपण सगळे तसेच आहोत.

दुसरी गोष्ट तर याहून बोलकी. १९०९ मध्ये जर्मनीतल्या येना शहरात फ्रिट्झ श्टाइन या अभ्यासकाला एका सिंफनीच्या जुन्या प्रती सापडल्या, त्यांवर बेटहोवनचं नाव. केवढा आनंद! बेटहोवनची तरुणपणीची हरवलेली सिंफनी! ती छापली गेली, वाजवली गेली, तिच्यात भावी महापुरुषाच्या खुणा लोकांना दिसू लागल्या. १९५७ मध्ये एच. सी. रॉबिन्स लँडन या अभ्यासकांना ऑस्ट्रियातल्या गटवाइग मठात त्याच सिंफनीची दुसरी प्रत मिळाली. तिच्यावर नाव होतं फ्रीडरिश विट. त्या खुणांचं काय झालं? त्या कुठं विरल्या?

आणि उलटाही व्यवहार होता. हायडनचं नाव खपतं हे कळल्यावर लेखनिकांनी, प्रकाशकांनी इतरांच्या शंभराहून अधिक सिंफन्या त्याच्या नावावर चालवल्या. आपल्याला हे नवं नाही. विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. सदारंगांची मुद्रा घालून नंतरच्या कितीतरी जणांनी बंदिशी बांधल्या. कुणी भक्तीनं केलं, कुणी आपली चीज टिकावी म्हणून केलं. आपलं नाव पुसल्याशिवाय आपली रचना जगणार नाही असं रचनाकाराला वाटावं, यात ऐकणाऱ्यांचा काहीच वाटा नाही का?

ज्यांची नावं मुळात उच्चारलीच गेली नाहीत त्यांचं तर विचारूच नका. मारियाना मार्टिनेस: व्हिएन्नाची, तिच्या लहानपणी तिच्याच इमारतीच्या माळ्यावर राहणारा गरीब तरुण हायडन तिला शिकवत असे. १७७० मधली तिची एक सिंफनी आहे. शेव्हालिए द सेंट-जॉर्ज: ग्वादलूप बेटावर गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, पॅरिसमध्ये व्हायोलिन आणि तलवार दोन्हींत निष्णात. ज्या वाद्यवृंदाचा तो प्रमुख होता त्यानंच हायडनकडून सहा 'पॅरिस सिंफन्या' लिहवून घेतल्या. त्या सहा जगाला ठाऊक. त्याच्या स्वतःच्या दोन कितींना? आणि योसेफ मार्टिन क्राउस: मोझार्टच्याच वर्षी, १७५६ मध्ये जन्मला, मोझार्टच्या मागून साधारण वर्षभरानं गेला. स्वीडनच्या दरबारात असलेल्या या माणसाची सी मायनर सिंफनी मी पहिल्यांदा काकांकडे ऐकली. कव्हर उशीखाली होतं. माझ्या मनात त्या दिवशी पाच मोठी नावं येऊन गेली. खरं नाव त्यांत नव्हतं.

तिसरा मुद्दा: ध्वनिमुद्रणाचं काम

हे संगीत गप्प का झालं याची काही कारणं अगदी भौतिक आहेत. एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, वाद्यवृंद ऐंशी-शंभरांचे झाले. या सिंफन्या पंधरा-पंचवीस जणांसाठी लिहिलेल्या. साठ तारवाद्यांच्या भिंतीपुढं दोन ओबो काय बोलणार? त्यांची कुजबुज, त्यांचा व्हायोलिनशी चाललेला सवालजवाब बुडून जातो. मिश्रणात ओबोचा आवाज वाढवता येतो, ते मला येतं, पण कानाला ते चिकटवलेलं कळतं. वृंदच लहान असला की हा तोल आपोआप सांभाळला जातो. म्हणून या कामाला चेंबर ऑर्केस्ट्रा लागतो.

दुसरं कारण तबकडीचं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साडेतीन-चार मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यात राग उभा करून दाखवला, पण वीस मिनिटांच्या सिंफनीला तीन तबकड्या लागत. एवढा खर्च कंपनी कुणावर करणार? ज्याचं नाव विकतं त्यावर. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि गणित पालटलं. पुढच्याच वर्षी रॉबिन्स लँडन यांनी हायडन सोसायटी उभारली. १९६९ ते १९७२ या काळात वृंदसंचालक अंताल दोराती यांनी हायडनच्या सगळ्या सिंफन्या ध्वनिमुद्रित केल्या, त्याही १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेल्या निर्वासित वादकांच्या वृंदाला घेऊन. मग सीडी आली. एका सीडीत वानहालच्या तीन-चार सिंफन्या मावू लागल्या. १९८७ मध्ये हाँगकाँगमध्ये क्लाउस हायमान यांनी नॅक्सॉस ही स्वस्त सीडींची कंपनी काढली आणि अनोळखी रचनाकारांना दार उघडलं. तिकडं शँडॉस कंपनीसाठी लंडन मोझार्ट प्लेअर्सनी माटियास बामर्ट यांच्या हाताखाली 'मोझार्टचे समकालीन' ही मालिका केली. क्राउसच्या सिंफन्या स्वीडिश चेंबर ऑर्केस्ट्रानं केल्या. आजही वृंदसंचालक जोव्हानी आन्तोनिनी यांचा संकल्प चालू आहे: २०३२ मध्ये हायडनची तीनशेवी जयंती येईल, तोवर त्याच्या सर्व सिंफन्या लहान वृंदांनी पुन्हा ध्वनिमुद्रित करायच्या.

पण माइक लावण्याच्या कितीतरी आधी काम सुरू होतं. मठाच्या ग्रंथालयात जे सापडतं ते सगळ्या वाद्यांचं एकत्र पुस्तक नसतं. सापडतात सुटे कागद: पहिल्या व्हायोलिनचा एक, ओबोचा एक, हॉर्नचा एक. एकात जोर लिहिलेला, दुसऱ्यात नाही. एकात एक मात्रा गळलेली. संपादक ते सगळं एकाखाली एक मांडतो, तेव्हा कुठं संगीत दिसू लागतं. न्यूझीलंडच्या ॲलन बॅडली यांनी १९९५ पासून आर्तारिया एडिशन्सद्वारे हेच काम केलं. हे काम ज्यांनी केलं त्यांची नावं सीडीच्या मागं बारीक अक्षरात असतात. ती वाचत जा.

मग तो दिवस येतो. वादकांसमोर कोरे करकरीत कागद. मोझार्टची चाळिसावी त्यांनी शंभरदा ऐकलेली असते. हात आपोआप जातो. ही सिंफनी त्यांच्यापैकी एकानंही कधीच ऐकलेली नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर चीज कागदावर आहे, पण चलन कुणाच्या गळ्यात नाही. पंडित भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातून एखादी अप्रचलित रागातली बंदिश गुरूशिवाय गायला बसा, म्हणजे कळेल. स्वर सगळे बरोबर येतील, आणि राग येणार नाही. लय किती? हा स्वर तोडायचा की ओढायचा? पुनरावृत्तीत तेच वाजवायचं की वेगळं? विचारायला कुणी नाही. आणि तुम्ही जे ठरवाल तेच पुढची पन्नास वर्षं त्या सिंफनीचं घराणं होईल, कारण दुसरं ध्वनिमुद्रण होईलच असं नाही. केवढी ही जबाबदारी! तीन तासांच्या एका सत्रात पंधरा-वीस मिनिटांचं पक्कं संगीत हाती लागलं तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

मी हे एकदा जवळून केलं आहे. काही वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका शाळेच्या सभागृहात एकवीस वादक जमले. काही शिक्षक, काही विद्यार्थी, हॉर्न वाजवणारे दोघे सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले. रचना वानहालची. दिवसा रस्त्याचा आवाज, म्हणून रात्री दहानंतर बसायचो. तरी पालमकडे उतरणारं विमान दर काही मिनिटांनी डोक्यावरून जाई. संथ भागासाठी मी खिडकीशी उभी राहून कान देत होते आणि विमान गेलं की हात वर करत होते. दोन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला तो संथ भाग एकदाचा अखंड वाजला. शेवटचा स्वर विझल्यावरही कुणी धनुकली खाली घेतली नाही. मग चेलोवरची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "याचं आणखी काही आहे का?"

आहे ना. सत्तर सिंफन्या आहेत.

ते ध्वनिमुद्रण बाजारात गेलं नाही. मी त्याची एक सीडी काकांना दिली, नाव न लिहिता. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "पुन्हा लाव." नाव त्यांनी दुसऱ्या खेपेनंतर विचारलं.

चौथा मुद्दा: यात आपलं काय?

पुष्कळ आहे. हे संगीत ज्या काळात युरोपात लिहिलं जात होतं, त्याच काळात ते एका मराठी राजाच्या दरबारात पोचलं होतं. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, भोसले. बृहदीश्वराच्या भिंतीवर ज्यांनी आपल्या घराण्याचा मराठी इतिहास कोरून घेतला तेच. ते १७९८ मध्ये गादीवर आले. त्याच वर्षी व्हिएन्नात हायडनचा 'सृष्टी' हा ऑरेटोरिओ पहिल्यांदा ऐकला गेला. सरफोजींच्या वाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या संगीताचा संग्रह आजही आहे. त्यांचे अधिकारी वराहप्पा व्हायोलिन आणि पियानो वाजवत. दक्षिणेत व्हायोलिन आपलंसं झालं ते याच पिढीत. मोडी, संस्कृत, तमिळ पोथ्यांच्या शेजारी हे संगीत ठेवताना त्या राजाला परकेपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

पुढं मुंबई. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या आधीच्याच वर्षी कार्ल्सबादचा संगीतकार वॉल्टर काउफमान मुंबईत आला होता. ज्यू असल्यामुळं युरोपात त्याला जागा उरली नव्हती. आकाशवाणीची ती पहाटेची संकेतधून त्याचीच मानतात. त्यानं मुंबईत चेंबर संगीताची संस्था काढली आणि चौकड्या, सोनाटा लिहिल्या. ते संगीत कुणी ध्वनिमुद्रित केलं? टोरांटोच्या एआरसी आन्सांब्ल या चमूनं, २०२० मध्ये. त्यांचे उपकारच आहेत. पण मुंबईत लिहिलेलं संगीत ऐकायला आपल्याला ऐंशी वर्षं आणि टोरांटो लागलं, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

आणि गोवा. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकली, आणि त्यांतूनच मुंबईच्या चित्रपटसंगीताचे व्हायोलिनवादक, चेलोवादक, संयोजक आले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवरच्या रचना वाजवल्या. लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. गावोगावच्या मेस्त्रींनी, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकांनी, उपास-काळासाठी रचलेले मोतेत, म्हणजे भक्तिगीतं, हाताच्या अक्षरात वह्यांत लिहिलेले होते. गटवाइगच्या मठातल्या कागदांहून त्या वह्यांचं मोल कमी आहे का? आज मुंबईत एनसीपीएची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. वाद्यं आहेत, वादक आहेत, माइक आहेत. संकल्प हवा.

ध्वनिमुद्रिका कशा जपाव्यात, हेही आपल्याकडे शिकवणारे आहेत. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या माध्यमातून भंगारात जाणाऱ्या तबकड्या वाचवल्या, आणि कितीतरी अनोळखी गायिकांचे आवाज आपल्यापर्यंत पोचले.

मग आपण, या सभागृहातल्या माणसांनी, काय करायचं? मी तीन गोष्टी मागते.

पहिली, मुलांसाठी. आपल्या प्रत्येक सोसायटीत व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत. परीक्षेचे तीन तुकडे एकट्यानं घोटायचे, प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं, आणि दहावीला व्हायोलिन माळ्यावर टाकायचं. त्या मुलांना एकत्र बसवा. पंधरा जण पुरेत. या सिंफन्यांतल्या पुष्कळशा अवघड कसरतीच्या नाहीत. त्या एकमेकांचं ऐकल्याशिवाय मात्र वाजत नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षी शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर लावायला शिकणं, याहून मोठं शिक्षण कोणतं?

दुसरी, ध्वनिमुद्रणाची. ती मुलं जे वाजवतील ते मी येऊन ध्वनिमुद्रित करीन, दरवर्षी, जमेल तोवर. आणि तंजावरच्या संग्रहातलं, गोव्याच्या वह्यांतलं काही रीतसर परवानगीनं मिळालं, तर तेही त्यांनाच वाजवायला देऊ.

तिसरी, तुमच्या-माझ्यासाठी. या मंडळात वर्षातून एक सकाळ नाव न सांगता ऐकायची ठेवू या. पाश्चात्त्य असो, ख्याल असो, एखाद्या खेड्यातल्या कीर्तनकाराचा मोबाइलवर टिपलेला अभंग असो. कव्हर उशीखाली. ऐकून झाल्यावर ज्याला वाटेल त्यानं विचारावं.

कारण इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. हेडफोनमध्ये नाव ऐकू येत नाही. फक्त श्वास, धनुकली, लाकूड आणि सूर ऐकू येतो. सूर खरा असला की मान आपोआप हलते, आणि त्या वेळी आपण कुणाचं ऐकतो आहोत हे मनात नसतं. तेवढा वेळ आपण न्यायानं ऐकत असतो. ज्यांना जगानं नाव दिलं नाही त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही. हा एवढा वेळ आहे.

काकू, त्यांच्या पद्धतीनंच संपवते. आपण आत येताना जी सिंफनी ऐकली, तिचा संथ भाग पाच-सहा मिनिटांचा आहे. आता तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. ते घटकाभर उशीखाली ठेवा.

मी ती पुन्हा लावते.